पाऊण घोडा

कळमन्याच्या धर्मकाट्यावर अकरा वर्षं बसते मी.
मिरचीचा ट्रक आला की आधी शिंक येते, मग आकडा.
भरलेली गाडी, रिकामी गाडी, मधली वजाबाकी:
एवढंच गणित माझ्या पगाराचं.

त्या दिवशी जफरुल्ला मिस्त्री घेऊन आला
कामठीच्या लिलावात घेतलेली फौजेची गाडी.
रंग खरवडला तरी सांध्यासांध्यांत हिरवीच,
दारावरचा नंबर पुसलेला, बोटाला मात्र लागतो.
पोटात भंगारातल्या टिपरचं इंजिन,
पाठीवर क्रेनचा हात, पुढे रुळाच्या तुकड्याचा बंपर.
"पक्की पावती द्या ताई.
लोकं म्हन्तेत, डबा हाय डबा.
मले घोडे मोजाचे हायेत."

सात हजार तीनशे चाळीस किलो.
पावती फाडली, माझी पाळी संपली होती.
"चला ना, घड्याळ धराले सरळ मानूस पायजे."
गेले. काहून गेले, अजून नीट सांगता येत नाही.

पाचगावकडे दगडाची एक बंद खाण.
तिचा चढ मिस्त्रीनं आदल्या दिवशीच मोजलेला
गवंड्याच्या पाण्याच्या नळीनं, हात-हात वर सरकत:
दोनशे चार मीटर लांब, सतरा मीटर उंच.
घोडे मोजायचं यंत्र असतं म्हणे मोठ्या शहरात,
त्याच्या रुळांवर गाडी जागच्या जागी पळते.
मिस्त्रीला ते पटत नाही.
"जागच्या जागी त मी बी पळतो जी, उधारीवाले आले का."

चढाच्या खाली अन्सार, हातात लाल दुपट्टा.
वर खुशाल, पायाशी चुन्याची रेघ.
मी केबिनमध्ये.
सीट म्हणजे लोखंडावर पोतं.
मिस्त्रीनं पाय तळाला नेला आणि
माझे दात एकमेकांवर वाजायला लागले,
कानातले डूल, चपलेचा अंगठा, सगळं वाजत होतं.
समोरचा काटा चाळीसवर. ना वर, ना खाली.
माझा काटा हातात धावत होता.
लाल गेलं.
धूळ, गिट्टी, मिस्त्रीच्या ओठांवर काहीतरी, दुवा की शिवी.
पांढरं आलं.

अठरा सेकंद, वर तीन दशांश.

खुशाल आयटीआयचा. बोनेटवर खडूनं लिहीत गेला,
वजन, उंची, वेळ; खडू तापून चिकटायला लागला.
एक्याण्णव.
"इंजिनाच्या पाटीवर त एकशेतीस हाय बे!"
"चाचा, बाकीचे गिअरपेटीत गेले,
टायरात गेले, हवेत गेले. गाडी सोतालेच ओढते ना."
मिस्त्री गप्प. मग म्हणाला,
"घर चालोते तशीच हाय मंग."
एक्याण्णव त्याला पुरत होते.

मला नव्हते पुरत.
काट्यावर पोट्टे मागे बसले होते, चढावर नव्हते.
तोंडात आलेलं गिळता आलं असतं,
कोणाचं काय जात होतं?
पण अकरा वर्षांची सवय.
"एकशेवीस किलो कमी करा," म्हटलं.
अन्सार माझ्याकडे असा पाहत राहिला
जसं मी त्याच्या ताटातलं उचललं.

खुशालनं खोडलं. दीड घोडा गेला.
साडेएकोणनव्वद.

तेव्हा मिस्त्री हळूच म्हणाला,
"आन तुमी?"
"मी काय?"
"तुमी होत्या ना केबिनात. काट्यावर नव्हत्या."

अकरा वर्षं त्या पत्र्याच्या खोलीत
मी गाड्या तोलल्या, बैल तोलले, एकदा तर अख्खा मंडप.
स्वतः कधी पायरी उतरून काट्यावर उभी राहिले नाही.
"अठ्ठावन्न," म्हटलं. अंदाजे, आणि थोडं लाजून.
खुशालनं मिळवलं.
नव्वद, वर थोडं.

मिस्त्रीनं तिथंच डबा उघडून
बोनेटवर पिवळ्या रंगात लिहिलं, ९०,
शून्य जरा वाकडं.

आता उमरेड रोडवर कधी ती गाडी दिसते,
कोणाचा तरी रुतलेला ट्रक ओढत,
धूर काढत, शिव्या खात.
मी मोपेड बाजूला घेते, तिला जाऊ देते.
त्या नव्वदातला पाऊण घोडा
एका दुपारी
फक्त मला वर नेत होता.